खोटी हाळी आणि पान नऊ

सीमाभागातलं पोरगं लिहायला बसलंय म्हणल्यावर तुम्ही सरसावून बसला असणार. आता मोर्चा निघणार, बोर्डाला काळं फासणार, बस अडवणार, शेवटी घोषणा. न्हाय. टेका मागं. ह्यात तसलं कायबी न्हाय. ह्यात एक हत्ती हाय, आणि तो पण ऐन टायमाला आलाच न्हाय. आला असता तर मला एवढ्या शिव्या बसल्या नसत्या.

जागा सांगतो. खानापूर तालुक्यातला डोंगर, डोंगराच्या टोकाला एक सपाट काळा खडक, सकाळचे अकरा. खडकावर आमचे हिरेमठ सर हातातला मोबाईल देवाला ओवाळल्यासारखा फिरवत हुते.

"आली, आली. एक काडी आली."

"सर, मेसेज गेला का?"

"गेली."

"मेसेज?"

"काडी."

शेजारी दिल्लीच्या मॅडम उभ्या. आमचा कार्यक्रम मंजूर करायचा का न्हाय, ते त्यांच्या हातात. थोडं लांब तुळसाआक्का. तिचं घर खडकाच्या खालीच, शिरेवाडीत. हातात कोयता, आणि तोंडावर 'ही माणसं कधी जाणार' असला भाव. आणि चौथा मी.

मी निपाणीचा. शिकलो पण तिथंच. शाळेत गणित कधी आलं न्हाय, खरं गणिताचे मास्तर मला हुबेहूब यायचे. (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणत्यात, दचकू नका.) आठवीत असताना हेडसर जेवायला गेल्यावर ऑफिसातल्या माईकवरनं त्यांच्याच आवाजात शाळा सोडून दिलती. दुसऱ्या दिवशी मार बसला. खरं सुट्टी झाली ती झालीच, ती परत कोण घेणार? तवापासनं माझा एक हिशोब पक्का: काम आधी होतंय, मार नंतर असतोय.

आता बेळगावात एका संस्थेत हाय. पोस्टचं नाव 'प्रोग्राम असोसिएट'. म्हणजे सर बोलत्यात ते टाईप करायचं, आणि गावात सरांच्या आधी तासभर पोचून सतरंजी हाय का बघायचं. तवा आमच्याकडं काम आलतं 'क्रॉस-बॉर्डर कोऑपरेशन प्रोग्राम'चं. घरात सांगितलं तर आई म्हणाली, "बंदूक देत्यात व्हय रं?"

तसली बॉर्डर न्हाय. आमची बॉर्डर म्हणजे कर्नाटक आणि महाराष्ट्र. डोंगराच्या ह्या अंगाला खानापूर तालुका, त्या अंगाला चंदगड तालुका. ओढा एकच, वणवा एकच, सोयरिकी पण त्याच. फक्त फायली दोन. तर पुढच्या पाच वर्षांत दोन्हीकडच्यांनी मिळून ह्या डोंगरासाठी काय करायचं, त्याचा आराखडा आम्ही लिहायचा. त्यातला पहिला कागद असतोय कॉन्सेप्ट नोट. कॉन्सेप्ट नोट म्हणजे लग्नाचा बायोडाटा समजा. मुलगा निर्व्यसनी, मनमिळाऊ, स्वतःचं घर. खरंखोटं नंतर कळतंय, आधी फोटो चांगला पाहिजे.

आमचा फोटो लई चांगला हुता. बेळगावात कंट्रोल रूम, एक ॲप, एक डॅशबोर्ड, आणि अधिकाऱ्यांना परदेशातले डोंगर दाखवून आणायचा दौरा. डोंगरातली माणसं तेवढी थेट पान नऊवर.

पान नऊ मी लिहिलतं.

शिरेवाडी आमच्या बाजूला, दाटखोल पलीकडं महाराष्ट्रात. गावांची नावं मी बदलल्यात, माणसांची पण. दोन्हीच्या मधी खोल दरी, तळाला ओढा. गाडीनं जायचं तर डोंगराला वळसा घालण्यात अर्धा दिवस जातोय. पायवाटेनं उतरून चढलं तर अर्धा तास. आवाज मात्र सरळ जातोय.

भात कापून रानात उडव्या लागल्या, म्हणजे भाताचे ढीग रचले, की ओढ्याच्या वाटेनं हत्ती येतोय. आधी दोन्ही गावांची रीत एकच हुती. हत्ती आपल्या रानात शिरला की फटाके लावायचे आणि त्याला पलीकडं हाकलायचा. पलीकडं गेला की आपलं काम झालं. मग पलीकडच्यांनी फटाके लावायचे. हत्ती बिचारा ह्या राज्यातनं त्या राज्यात, फाईल फिरावी तसा. फाईल चिडत न्हाय. हत्ती चिडतोय.

असाच एकदा दाटखोलनं हाकललेला हत्ती सकाळी सकाळी शिरेवाडीत उतरला. कुणी सांगितलंच नव्हतं. तुळसाआक्काचा नवरा पाठ फिरवून उडवी रचत हुता. जीव वाचला, उजवा पाय गेला. आता तो दारात बसून बांबूच्या बुट्ट्या विणतोय, आणि कुठं डबा पडला तरी दचकतोय.

नवऱ्याला दवाखान्यातनं घरी आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का एकटी ओढा उतरून दाटखोलला गेली. देवळात माणसं बसलीती. सगळ्यांना वाटलं, आता ही तळतळाट देणार. ती एवढंच म्हणाली, "हत्ती तुमचा न्हाय, आमचा बी न्हाय. त्यो यायचा तिथं येणार. खरं आधी सांगा तरी!"

त्यातनं हाळी ठरली. हाळी म्हणजे लांबनं दिलेली हाक. ज्यांच्या अंगाला हत्ती दिसंल त्यांनी आपल्या खडकावर जायचं आणि पलीकडच्या गावाचं नाव घेऊन तीन तुकड्यांत हाळी द्यायची. पलीकडनं एक लांब जबाब येतोय. मग पलीकडची निम्मी माणसं आपलं रान धरून उभी राहायची, निम्मी डबे घेऊन ओढा ओलांडून मदतीला यायची. फटाके बंद. हाकलायचं न्हाय, नुसतं रानाच्या कडंला उभं राहून डबे वाजवायचे आणि ओढ्याची वाट मोकळी सोडायची. हत्ती आपला आपण निघून जातोय. आणि एक कडक नियम: हत्ती दिसल्याबिगर हाळी न्हाय. चेष्टेत न्हाय, शिकवायला न्हाय, कुणाला दाखवायला न्हाय. तेव्हापासनं दोन हंगाम कुणाला खरचटलंबी नव्हतं.

अडचण एकच हुती. खडकावर राखण करणारी तरणी माणसं एकेक करून गोव्याला हॉटेलात कामाला निघालती. शिरेवाडीच्या खडकावर शेवटी आक्काच बसायची, नवरा आणि रान दोन्ही सोडून. म्हणून पान नऊवर मी तीन गोष्टी मागितल्या. दोन्ही गावांत दोन-दोन राखणदारांना हंगामापुरतं मानधन. खडकावर पत्र्याची खोप. आणि 'न सांगता पलीकडं हाकलायचा न्हाय' ह्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या. हे झालं न्हाय तर पुढच्या भाताला खडक रिकामा, आणि मग परत फटाके. आक्का मला म्हणालती, "लिव बाबा नीट. आमच्या घरात दोन माणसांत तीन पाय हाईत. तेवढे तरी ऱ्हाऊ देत."

सरांनी पान नऊ काढलं. मी परत घातलं.

"एन रे हे? मी काढलतो की."

"चुकून राहिलं असंल सर."

"हाळी काय हाळी! स्केलेबल पाहिजे, स्केलेबल."

स्केलेबल म्हणजे एका गावात चाललं ते हजार गावांत चालवता आलं पाहिजे. मी म्हणलं, "सर, हत्ती हजार गावांत न्हाय. ह्याच दोन गावांत हाय."

"शहाणा झालास. काढ."

काढलं. दिल्लीला मेल करायच्या आधी परत घातलं. तिसऱ्यांदा. निपाणीचं पाणी हाय, काय करणार. आणि मॅडमनी बाकी सगळं सोडून नेमकं तेच पान वाचलं. फोन आला, आम्ही येतो, तुमचं ॲप पण दाखवा आणि ती हाळी पण दाखवा. सरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी लगेच सतरंजी बघायला निघालो.

म्हणून आम्ही त्या खडकावर.

ॲपचं काम सोपं हुतं. खडकावरनं बटन दाबलं की दाटखोलातल्या फोनवर घंटा वाजणार, आणि तोच मेसेज सरांच्या फोनवर पण येणार. फोन दिलता धोंडीबाआप्पांकडं. आप्पा दाटखोलचे पोलीस पाटील, साठी उलटलेला माणूस. घंटा वाजली की त्यांनी देवळासमोर पांढरा टॉवेल हलवायचा, असं ठरलतं. सरांनी बटन दाबलं. टॉवेल हलला न्हाय. परत दाबलं. सर खडकाच्या ह्या टोकाला गेले, त्या टोकाला गेले, शेवटी एका दगडावर चढले. चाळीस मिनिटं गेली. पलीकडं आप्पा टॉवेल खांद्यावर टाकून बसलेले दिसत हुते.

"नेटवर्क इश्यू है मॅडम," सर म्हणाले, "फेज टू में हो जायेगा."

फेज टू म्हणजे आमच्या धंद्यातली माळ्यावरची ट्रंक. जे कधीच वापरायचं न्हाय, खरं टाकवत पण न्हाय, ते सगळं तिथं जातंय.

मॅडम आक्काकडं वळल्या. "आप बुलाके दिखाइए ना."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणत्यात?"

"हाळी देऊन दाखवा म्हणत्यात."

"हत्ती कुठाय?"

"हत्ती न्हाय आक्का. नुसतं दाखवायचं."

"मग हाळी न्हाय."

"पानाचं काम हाय हो. एकदाच."

"एकदाच म्हणून काय पण करशील व्हय रं? हत्ती न्हाय तर हाळी न्हाय. बाईला म्हणावं, बस माझ्यासंगट चार दिस. आला की देते."

मी जमंल तसं हिंदी करून सांगितलं. मॅडमनी मान हलवली, खरं डोळे घड्याळाकडं. संध्याकाळी बेळगावजवळच्या सांबऱ्याहून विमान हुतं. सरांनी संधी सोडली न्हाय. "देखिए मॅडम, नॉट डेमॉन्स्ट्रेबल." आणि खिशातनं लाल पेन काढून त्यांनी पान नऊवर ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली.

आक्काला इंग्लिश येत न्हाय. लाल रेघ कळायला इंग्लिश लागत न्हाय. तिनं कोयता काखेत मारला आणि घराकडं चालाय लागली.

ती पाठ बघितली आणि माझं डोकं फिरलं. चाळीस मिनिटं टॉवेलकडं बघत बसलेली माणसं, आणि रेघ कुणावर, तर जी खोटं बोलायला तयार न्हाय तिच्यावर? मी खडकाच्या टोकाला गेलो. आक्काची खरी हाळी मी एकदा ऐकलती. माझ्या डोक्यात आवाज एकदा शिरला की भाडं न देता राहतोय. छाती भरून घेतली.

"दाटखोऽऽऽल! ओऽऽ! ओऽऽ! ओऽऽ!"

हुबेहूब आक्का. शेवटच्या 'ओ'ला तिचा आवाज जरा फाटतोय, तो पण बरोबर फाडला. सरांच्या हातातनं पेन पडलं. आक्का हुती तिथं थांबली.

दहा मोजायच्या आत पलीकडनं लांब जबाब आला. आप्पांनी टॉवेल टाकून दिला. त्यांना म्हाईत हुतं की आज डेमो हाय, साहेब आल्यात, खेळ चाललाय. तरीपण पळाले. मळणी सोडून माणसं पळाली, बाया चुली सोडून डबे घेऊन पळाल्या. दरीत माणसांची एक ओळ उतरताना दिसाय लागली. इकडं शिरेवाडीत पण घराघरातनं डबे बाहेर पडले. मी मोबाईल काढून घड्याळ लावलं. नेटवर्क नसलं तरी घड्याळ चालतंय.

सगळ्यात आधी धोंडीबाआप्पाच वर आले. एका पायात चप्पल न्हाय, गुडघा फुटलेला, पायजम्याला रगत. त्यांच्या मागं वीस-बावीस माणसं.

"कुठाय? आक्का, कुठल्या अंगाला हाय?"

आक्कानं कोयत्याचं टोक माझ्याकडं केलं.

"कितने मिनट?" मॅडमनी हळूच विचारलं.

"अठरा," मी म्हणलं. आवाजात जरा मस्ती हुतीच, लपवत न्हाय.

मॅडम खाली वाकल्या, सरांचं लाल पेन उचललं आणि लाल रेघेवर लाल अक्षरात लिहिलं: हे पान ठेवा. खाली सही.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, आक्काकडं बघितलं, मॅडमच्या हातातल्या कागदाकडं बघितलं. "म्हणजे आलाच न्हाय," म्हणाले. चिडले न्हाईत. एका माणसाच्या खांद्यावर हात ठेवून परत दरी उतराय लागले. मला वाटलं, बरं झालं, थोडक्यात भागलं.

मॅडम त्यांच्या गाडीनं पुढं गेल्या. जीपमधी सरांनी मला तीन भाषांत धुतला. कन्नडमधी माझं खानदान, मराठीत माझी अक्कल, आणि इंग्लिशमधी माझं प्रोबेशन.

"दिस इज चीटिंग!"

"सर, ॲपनं पण चीटिंगच केलं की चाळीस मिनिटं."

"तोंड बंद!"

बेळगावच्या वाटेवर जांबोटीला चहाला थांबलो. सरांनी कप तोंडाला लावला आणि खिशात टुंग वाजलं. सरांनी फोन काढला. त्यांचंच ॲप. 'सावधान! हत्ती जवळ आहे.' ड्रायव्हरनं पायाखाली वाकून बघितलं. मी सरांच्याच आवाजात म्हणलं, "फेज टू मॅडम, फेज टू."

त्याचा मेमो अजून माझ्या फाईलला हाय. लेखी खुलासा मागितलता. मी एका ओळीत दिला: 'हाळी अठरा मिनिटांत पोचली, मेसेज जांबोटीला पोचला.' त्यावर काय कारवाई झाली न्हाय. सरांना पण वाचता येतंय.

पान नऊ राहिलं. नुसतं राहिलं न्हाय, सरकत सरकत पान दोनवर आलं. मानधन आलं, खोप आली, सह्यांची जागा आली. परदेशातला दौरा मागं पान नऊवर गेला. मसुदा पक्का झाल्यावर मी बेळगावात अर्धा किलो कुंदा घेतला आणि शिरेवाडीला गेलो. वाटलं, आक्का पाठीवर हात फिरवंल. सरांपुढं मी वाकलो न्हाय, अजून वाकत न्हाय. त्या मेमोची मला काडीची लाज न्हाय.

आता मसुद्यात सह्यांच्या वर एक नियम हाय: 'हत्ती दिसल्याशिवाय हाळी देऊ नये, आणि बाहेरच्या माणसाने तर कधीच देऊ नये.' टाईप मी केलाय. सांगितला आक्कानं, कुंदा घेऊन गेलतो त्या दिवशी, खडकावर. ती बसलीती. नवी खोप अजून कागदावरच हुती. मी कुंद्याचा डबा पुढं केला.

"ठेव तिथंच. हात लावणार न्हाय मी. पान राहिलं म्हणून सांगाय आलायस?"

"व्हय आक्का. पान दोनवर आलंय."

"परवा त्यो खरा आलता. सकाळी. हितनं तीनदा हाळी दिली मी. तीनदा! घसा फाटला. पलीकडनं जबाब न्हाय. का म्हाईत हाय? देवळाम्होरं हुबं राहून एकमेकाला इचारत हुते, ही आक्का हाय का त्यो नकल्या हाय. शेवटी आप्पा एकटे आले बघाय, तसल्या फुटक्या गुडघ्यानं. त्यांनी तिकडं हात केला, मग बाकीची आली. तवर दोन उडव्या गेल्या माझ्या. माणूस गेलं न्हाय, ती त्या हत्तीची किरपा. तुझी न्हाय."

"खरं आक्का, पान जर काढलं असतं तर…"

"पान काय चाटू? हाळी खरी करायला दोन वर्सं लागली आमाला. तू एका दमात खोटी केलास. लई हुशार, घड्याळ लावून अठरा मिनिटं मोजलास. माझा मालक तुझी हाळी ऐकून उंबऱ्यावरनं आत सरपटत गेला, कोपऱ्यात डोक्यावर बुट्टी घेऊन बसला. ते किती मिनिटं, मोजलास काय?"

आठवीतला माझा तो पक्का हिशोब इथं लागू पडंना. तिथं सुट्टी सगळ्यांना मिळालती आणि मार मी एकट्यानं खाल्लता.

"ऊठ," आक्का म्हणाली. "ओढा उतर. चालत. जीपनं वळसा घालून गेलास तर तंगडं मोडीन. दाटखोलच्या देवळात नारळ फोड आणि घरागणिक जाऊन सांग, ती हाळी माझी हुती, आक्काची न्हवती. आणि हे बघ, तिथं कुणाची नक्कल करत सांगू नको. सोताच्या आवाजात सांग. हाय न्हवं तुला एक, का त्यो बी कुणाचा उसना आणलायस?"